बॅटरी बदलण्यापूर्वी मोजमाप हवे

ऑक्टोबर छाटणीनंतर द्राक्षबागेवर पाऊस पडून गेला, की केवड्याच्या बंदोबस्तासाठी मिळणारा अवधी तासांत मोजावा लागतो. अशा पहाटे फवारणी यंत्र जोडलेल्या छोट्या ट्रॅक्टरची चावी फिरवावी आणि सेल्फने नुसता ‘टक’ असा आवाज करून गप्प बसावे, हा अनुभव अनेक बागायतदारांच्या परिचयाचा आहे. मग शेजारच्या ट्रॅक्टरची बॅटरी लावून किंवा चार माणसांच्या धक्क्याने इंजिन चालू केले जाते, दुपारी तालुक्याच्या गावाहून नवी बॅटरी येते आणि प्रश्न मिटला असे सर्वांना वाटते. काही आठवड्यांनी नवी बॅटरीही उतरते. तेव्हा दोष बॅटरी विकणाऱ्याला दिला जातो, किंवा ‘ट्रॅक्टर आता म्हातारा झाला’ असा निकाल लागतो. या साऱ्या घडामोडीत एक गोष्ट मात्र घडलेली नसते: कोणीही काहीही मोजलेले नसते.

जुन्या छोट्या ट्रॅक्टरच्या बाबतीत बॅटरी उतरणे हे बहुधा लक्षण असते आणि मूळ दोष तिला भरणाऱ्या यंत्रणेत, म्हणजे डायनॅमो अथवा अल्टरनेटर, रेग्युलेटर, पट्टा, तारा आणि अर्थिंग यांच्यात दडलेला असतो. हा दोष हुडकण्यासाठी लागणारे मल्टिमीटर हे उपकरण नव्या बॅटरीच्या किमतीच्या अगदी लहान अंशात मिळते. तरीही कृषी विस्ताराच्या कामात त्याला स्थान नाही. माती परीक्षण केल्याशिवाय खत देऊ नये, हे ज्या विस्तार यंत्रणेने खेड्यापाड्यांत रुजवले, त्याच यंत्रणेने मोजल्याशिवाय बॅटरी बदलू नये, हेही सांगायला हवे.

बंगळुरूचा धागा

महाराष्ट्रातील बागायतदारांच्या छोट्या ट्रॅक्टरांचा बंगळुरूशी जुना संबंध आहे. जपानच्या मित्सुबिशी कंपनीच्या तांत्रिक सहकार्याने १९६७ साली उभी राहिलेली व्हीएसटी टिलर्स ट्रॅक्टर्स ही कंपनी याच शहरातील. तिचे पॉवर टिलर आणि ‘मित्सुबिशी शक्ती एमटी १८० डी’ हा साडेअठरा अश्वशक्तीचा, तीन सिलिंडरचा छोटा ट्रॅक्टर नाशिक-सांगलीच्या द्राक्षपट्ट्यात आणि फळबागांत सुपरिचित आहेत. खुद्द बंगळुरूच्या भोवतालचे चित्रही फारसे वेगळे नाही. बंगळुरू ग्रामीण, चिक्कबळ्ळापूर आणि कोलार या जिल्ह्यांत ‘बंगलोर ब्ल्यू’ द्राक्षाच्या बागा आहेत, भाजीपाला आणि फुलशेती आहे आणि दोन ओळींमधून सहज जाणाऱ्या कमी रुंदीच्या यंत्रांची तितकीच गरज आहे.

शहराच्या जे. सी. रोडवर वाहनांच्या सुट्या भागांची दुकाने आहेत आणि एस. पी. रोडवर विद्युत व इलेक्ट्रॉनिक साहित्याचा बाजार आहे. एवढी मोठी बाजारपेठ हाताशी असली, तरी कोणता भाग बिघडला आहे हे ठाऊक असणाऱ्यालाच तिचा उपयोग होतो. ‘चार्जिंग होत नाही’ एवढ्याच निदानावर दुकानात गेलेला मनुष्य आधी बॅटरी घेतो, मग रेग्युलेटर, मग संपूर्ण अल्टरनेटर. आणि अखेरीस दोष चेसिसला जोडलेल्या एका गंजलेल्या तारेत निघतो.

याच शहरात मुख्यालय असलेल्या एचएमटीची कथा आणखी एक गोष्ट सांगते. चेकोस्लोव्हाकियाच्या झेटर तंत्रज्ञानावर आधारलेले तिचे ट्रॅक्टर हरियाणातील पिंजोर येथे १९७१ पासून तयार होऊ लागले. २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने हा ट्रॅक्टर विभाग बंद करण्यास मान्यता दिली. कारखाना बंद झाला तरी शेतातले ट्रॅक्टर त्याच दिवशी थांबत नाहीत. ते पुढे कित्येक वर्षे कामात राहतात. अशा यंत्राची वायरिंगची आकृती, तारांचे रंग आणि तपासणीची रीत यांचे ज्ञान जर केवळ निर्मात्याच्या सेवा केंद्रापुरते मर्यादित राहिले, तर त्या केंद्राबरोबर तेही नाहीसे होते. म्हणून हे ज्ञान गावात आणि कृषी विज्ञान केंद्रात उतरणे आवश्यक ठरते.

तीन आकडे

निदानाची सुरुवात तीन वाचनांनी करावी. तिन्ही वाचने मल्टिमीटर थेट व्होल्टच्या, म्हणजे डीसीच्या, वीस व्होल्ट मर्यादेवर ठेवून बॅटरीच्या दोन टोकांवर घ्यावयाची असतात.

पहिले वाचन विश्रांतीचे. ट्रॅक्टर रात्रभर उभा राहिल्यावर, काहीही चालू न करता ते घ्यावे. १२ व्होल्टची पूर्ण भरलेली बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. १२.४ म्हणजे साधारण तीन चतुर्थांश भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी आणि १२.० च्या खाली म्हणजे जवळजवळ उतरलेली. १२ हा आकडा दिसताच ‘बॅटरी ठीक आहे’ असे समजणे ही सर्वांत सामान्य चूक आहे. बॅटरीचे सारे आयुष्य या अर्ध्या-पाऊण व्होल्टच्या पट्ट्यात चालते.

दुसरे वाचन सेल्फ मारतानाचे. एकाने चावी फिरवावी आणि दुसऱ्याने मीटर पाहावे. व्होल्ट साडेनऊच्या खाली कोसळत असतील, तर बॅटरी उतरलेली किंवा निकामी आहे. पण मीटर साडेदहाच्या वर राहत असताना सेल्फ सावकाश फिरत असेल, तर बॅटरीला दोष देण्यात अर्थ नाही. तेव्हा जाड तारा, टर्मिनल किंवा स्टार्टर तपासावा.

तिसरे वाचन इंजिन चालू असतानाचे. मध्यम रेस देऊन पाहावे. निरोगी यंत्रणेत मीटर १३.८ ते १४.५ च्या दरम्यान स्थिरावते. दिवे लावल्यावर थोडी घट होते, पण वाचन १३ च्या बरेच वर राहायला हवे. इंजिन चालू असूनही वाचन विश्रांतीच्या आकड्याएवढेच राहिले, तर बॅटरीत वीज येतच नाही. ते १५ च्या वर गेले, तर रेग्युलेटर वीज आवरत नाही. अशा बॅटरीतील पाणी वारंवार आटते, उग्र वास येतो, दिवे भपकन उजळतात आणि लवकर जळतात. वरचेवर डिस्टिल्ड वॉटर घालावे लागणाऱ्या बॅटरीकडे पाहून ‘उन्हाळा फार आहे’ असे म्हणण्यापूर्वी हे तिसरे वाचन घ्यावे.

या तीन आकड्यांनी बॅटरी, स्टार्टरकडची बाजू आणि चार्जिंगकडची बाजू वेगवेगळी होते. पहिले वाचन कमी आणि तिसरे योग्य असेल, तर बॅटरी जुनी झाली आहे किंवा यंत्र उभे असताना वीज कुठेतरी झिरपते आहे. पहिले कमी आणि तिसरेही कमी असेल, तर नवी बॅटरी आणणे म्हणजे गळक्या पाइपलाइनवर नवी टाकी बसवणे होय.

झाकणे उघडता येणाऱ्या बॅटरीत हायड्रोमीटरचीही मदत घ्यावी. येथे एका आकड्यापेक्षा सहा कप्प्यांमधील फरक महत्त्वाचा असतो. पाच कप्पे सारखे आणि एक ०.०५० ने खाली असेल, तर तो कप्पा खराब झाला असे समजावे आणि अशी बॅटरी मात्र बदलावीच. मोजमापाचा आग्रह बॅटरी कधीच बदलू नये यासाठी नसून, ती योग्य वेळी आणि योग्य कारणासाठी बदलली जावी यासाठी आहे.

यंत्रणा ओळखल्याशिवाय पुढे जाऊ नये

जुन्या छोट्या यंत्रांत चार्जिंगच्या तीन पद्धती आढळतात आणि प्रत्येकीची तपासणी वेगळी आहे. एकीची रीत दुसरीला लावल्याने चांगले भागही जळतात, म्हणून आधी ओळख महत्त्वाची.

सर्वांत जुनी पद्धत डायनॅमो आणि स्वतंत्र रेग्युलेटर पेटीची. लांबट, नळकांड्यासारख्या डायनॅमोवर एक जाड आणि एक बारीक तार असते. लुकास पद्धतीच्या डायनॅमोत त्यांना ‘डी’ आणि ‘एफ’ म्हणतात. दोन्ही तारा काढून ही दोन्ही टोके एकमेकांस जोडावीत, मीटरचे एक टोक त्या जोडावर आणि दुसरे इंजिनाच्या उघड्या धातूवर ठेवावे आणि रेस अगदी हळू वाढवावी. व्होल्ट सहजपणे वीसच्या आसपास चढले, तर डायनॅमो चांगला असून दोष रेग्युलेटरमध्ये किंवा तारांत आहे. रेस त्याहून वाढवू नये. वाचन अर्ध्या-एक व्होल्टवरच अडले, तर फील्डच्या गुंडाळीचा संशय घ्यावा. काहीच आले नाही, तर आधी कार्बन ब्रश पाहावेत. याच पेटीतील कटआऊट इंजिन थांबल्यावर बॅटरीची वीज डायनॅमोत उलटी जाऊ देत नाही. त्याचे संपर्क चिकटले, तर बॅटरी एका रात्रीत रिकामी होते आणि तारा तापतात. फार दिवस बंद राहिलेल्या डायनॅमोतील शिल्लक चुंबकत्वही ओसरू शकते. ते पुन्हा जागवण्याची रीत यंत्रानुसार बदलते आणि काही जुन्या यंत्रांत बॅटरीचे धन टोक चेसिसला जोडलेले असते. त्यामुळे हे काम माहितगाराकडूनच करून घ्यावे.

दुसरी पद्धत कायमचुंबकी अल्टरनेटरची. लहान डिझेल इंजिनांत आणि बागकामाच्या यंत्रांत ती विशेष आढळते. त्यातून निघणाऱ्या दोन तारांत प्रत्यावर्ती वीज, म्हणजे एसी असते. रेक्टिफायर-रेग्युलेटर तिचे डीसीत रूपांतर करतो. या दोन तारा सोडवून त्यांच्यामध्ये एसी व्होल्ट मोजावेत. रेसबरोबर वाचन वाढत गेले, तर अल्टरनेटर काम करतो आहे. नेमका आकडा यंत्राच्या पुस्तिकेतून घ्यावा, पण वाढीची रीत सर्वत्र सारखीच असते. वाचन आले नाही, तर गुंडाळी किंवा जोड तुटला आहे. वाचन येते पण बॅटरीपर्यंत वीज पोहोचत नाही, तर रेग्युलेटर बदलण्यापूर्वी त्याचे बूड पाहावे. पुष्कळ यंत्रांत रेग्युलेटरचे धातूचे आवरण हीच त्याची अर्थिंग असते. हौसेने मारलेला रंग, चिखल किंवा गंज यामुळे ती तुटली, की उत्तम रेग्युलेटरही काम सोडतो. काचकागदाने जागा घासून बोल्ट आवळल्यावर असा ‘बिघाड’ दूर होतो.

तिसरी पद्धत आधुनिक अल्टरनेटरची. त्यात रेग्युलेटर बहुधा आतच बसवलेला असतो. येथे डॅशबोर्डवरील चार्जिंगच्या लाल दिव्याकडे दुर्लक्ष करू नये. अनेक अल्टरनेटरांना काम सुरू करण्यासाठी लागणारा थोडासा विद्युतप्रवाह याच दिव्यातून मिळतो. चावी फिरवल्यावर, इंजिन चालू होण्यापूर्वी हा दिवा लागलाच पाहिजे. तो लागत नसेल, तर उडालेला बल्ब किंवा सुटलेली तार एवढ्याच कारणाने चार्जिंग बंद पडलेले असू शकते. दिवा लागला आणि इंजिन चालू झाल्यावरही विझला नाही, तर पट्टा, ब्रश आणि रेग्युलेटर यांकडे वळावे.

पद्धत कोणतीही असो, पट्टा आणि तारा यांची तपासणी सर्वांना समान आहे. सैल अथवा तेलकट पट्टा घसरतो आणि बोटाने दाबून ते लगेच कळते. तारांसाठी मीटरचा आणखी एक उपयोग आहे. इंजिन चालू ठेवून, दिवे लावून, मीटरचे एक टोक अल्टरनेटरच्या मुख्य टोकावर आणि दुसरे बॅटरीच्या धन टोकावर ठेवावे. वाचन ०.३ व्होल्टपेक्षा फार अधिक आले, तर त्या मार्गात तार, जोड किंवा फ्यूज वीज अडवत आहे. इंजिनाची धातू आणि बॅटरीचे ऋण टोक यांच्यातील फरक ०.२ च्या आत असावा. डोळ्यांना धडधाकट दिसणारी, पण आवरणाखाली हिरवी पडलेली तार या परीक्षेत लपत नाही.

सवयींनी होणारे नुकसान

मोजमापाची सवय नसली, की तिची जागा काही घातक सवयी घेतात. त्यांतील पहिली म्हणजे इंजिन चालू असताना बॅटरीची तार काढून पाहणे. ‘इंजिन चालू राहिले तर डायनॅमो चांगला’ असा समज त्यामागे आहे. डिझेल इंजिनाला चालू राहण्यासाठी ठिणगी लागत नसल्याने बहुतेक जुनी यंत्रे तशीही चालूच राहतात. म्हणजे या परीक्षेतून काही सिद्ध होत नाही. उलट बॅटरी अचानक दूर झाल्याने व्होल्ट एकदम उसळतात आणि अल्टरनेटरचे डायोड किंवा रेग्युलेटर जळतात. चांगले यंत्र तपासता तपासता बिघडवण्याचा हा सर्वांत सोपा मार्ग आहे.

ट्रॅक्टरला वेल्डिंग करताना बॅटरी आणि अल्टरनेटर जोडलेले ठेवणे, दुसऱ्या ट्रॅक्टरची बॅटरी लावताना टोकांची उलटापालट होणे आणि उडालेल्या फ्यूजच्या जागी तांब्याची जाड तार बसवणे यांचेही परिणाम असेच होतात. फ्यूज उडणे ही यंत्राची सूचना असते. ती दडपली, की पुढची सूचना जळक्या वासाने मिळते.

सुरक्षिततेचे नियमही सवयीचे व्हायला हवेत. बॅटरी भरत असताना तिच्यातून हायड्रोजन वायू सुटतो. जवळ विडी-काडी किंवा ठिणगी नको. आतील द्राव हे गंधकाम्ल असल्याने डोळ्यांना चष्मा आणि जवळ भरपूर पाणी असावे. चेसिसला जोडलेले टोक, बहुतेक यंत्रांत ते ऋण असते, काढताना आधी काढावे आणि जोडताना शेवटी जोडावे. मीटर वापरताना फिरता पंखा आणि पट्टा यांपासून हात, गमछा आणि मीटरच्या तारा दूर ठेवाव्यात.

मिळकत आणि खर्च

काही वेळा सर्व भाग चांगले असूनही बॅटरी उतरते. तेव्हा विजेचा जमाखर्च मांडून पाहावा. छोट्या डिझेल इंजिनाचे ग्लो प्लग पंधरा सेकंद २५ अँपिअर आणि सेल्फ पाच सेकंद १५० अँपिअर घेतो असे धरले, तरी एका वेळी इंजिन चालू करण्याचा खर्च सुमारे एक तृतीयांश अँपिअर-तास एवढाच येतो. आठ अँपिअरने चार्जिंग होत असेल, तर तो काही मिनिटांत भरून निघतो. म्हणजे सेल्फ मारण्याने बॅटरी सहसा संपत नाही.

खरा खर्च सतत चालणाऱ्या भारांचा असतो. पंधरा अँपिअर देणाऱ्या छोट्या अल्टरनेटरवर ४५ वॅटचे दोन पुढचे दिवे आणि ५५ वॅटचा मागचा दिवा लावला, की बारा अँपिअर तेथेच खर्च होतात. त्यात गाणी वाजवणारा संच, मोबाइल चार्जर आणि फवारणीचा विजेवर चालणारा पंप यांची भर पडली, की बॅटरीला देण्यासाठी काही उरत नाही. इंजिन मंद रेसवर असताना मिळकत आणखी घटते. पीटीओवर फवारणी करणारा ट्रॅक्टर चांगल्या रेसवर चालतो आणि बॅटरी भरत राहते. दिवसभर दहा वेळा चालू-बंद होऊन थोड्या अंतराची वाहतूक करणारा तोच ट्रॅक्टर तिला उपाशी ठेवतो. पिवळ्या तंतूच्या बल्बांऐवजी एलईडी दिवे लावणे हा येथे मोठा अल्टरनेटर बसवण्यापेक्षा स्वस्त उपाय आहे.

हवामानही या हिशेबात येते. समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवरील बंगळुरूचा सौम्य उन्हाळा बॅटरीला मानवतो. विदर्भ-मराठवाड्यातील पत्र्याच्या शेडमध्ये उभ्या यंत्रातील बॅटरीला ती सोय नसते. तापमान दहा अंशांनी वाढले, की शिसे-आम्ल बॅटरीचे आयुष्य जवळजवळ निम्म्यावर येते, असा ढोबळ नियम आहे. हंगाम संपल्यावर महिनोन्‌महिने उभ्या राहणाऱ्या यंत्रात ती आपोआपही उतरते आणि उतरलेल्या अवस्थेत राहिली, की तिच्या पट्ट्यांवर सल्फेटचा कठीण थर बसतो. हंगामाबाहेर चेसिसचे टोक सोडवून ठेवणे आणि महिन्यातून एकदा बॅटरी भरून घेणे एवढ्या काळजीने एक-दोन हंगाम वाढू शकतात.

आक्षेप आणि उत्तरे

यावर पहिला आक्षेप असा येईल, की हे मेकॅनिकचे काम आहे. शेतकऱ्याने अथवा कृषी सहायकाने त्यात का पडावे? त्यात तथ्य आहे. अल्टरनेटर उघडणे, डायोड बदलणे, गुंडाळी भरणे ही कामे ऑटो इलेक्ट्रिशियनचीच आहेत. पण ताप मोजण्यासाठी घरात डॉक्टर असावा लागत नाही. तीन आकडे कागदावर लिहून घेऊन गेलेल्या शेतकऱ्याशी मेकॅनिकचा संवाद वेगळ्या पातळीवर होतो आणि अनावश्यक भाग गळ्यात पडण्याची शक्यता घटते. प्रामाणिक कारागिराला तर असा ग्राहक हवाच असतो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: जुनी यंत्रे धूर सोडतात, इंधन जास्त खातात, त्यांना जगवण्याऐवजी नवी घेण्यास उत्तेजन द्यावे. ज्यांचे इंजिन खरोखर झिजले आहे, त्यांच्याबाबत हा युक्तिवाद मान्य करावा लागेल. परंतु इंजिन आणि गिअरबॉक्स धडधाकट असलेला ट्रॅक्टर एका रेग्युलेटरपायी भंगारात जाणे यात पर्यावरणाचे हित नाही आणि दोन-तीन एकरांच्या बागायतदाराचे तर नाहीच. नव्या ट्रॅक्टरचे कर्ज ही त्याच्यासाठी अनेक वर्षांची बांधिलकी असते. शिवाय मोजमापाशिवाय अकाली फेकलेली प्रत्येक बॅटरी म्हणजे हाताळावे लागणारे शिसे आणि आम्ल. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ यांनी जुन्या बॅटऱ्या अधिकृत मार्गाने परत जाव्यात अशी व्यवस्था घातली आहे. मात्र बॅटरी तिचे आयुष्य पूर्ण करून मगच त्या मार्गाला लागणे अधिक चांगले.

विस्तार यंत्रणेकडून अपेक्षा

२०१४-१५ पासून राबवल्या जाणाऱ्या कृषी यांत्रिकीकरण उपअभियानाने यंत्रे शेतापर्यंत पोहोचवली आणि अवजारे बँकांना बळ दिले. यंत्र खरेदीची चर्चा गावोगावी होते. खरेदीनंतरच्या दहा-पंधरा वर्षांची होत नाही. ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये ‘दुरुस्तीचा हक्क’ या विषयावर समिती नेमली, तेव्हा निवडलेल्या क्षेत्रांत कृषी उपकरणांचा समावेश होता. माहितीपुस्तिका, सुटे भाग आणि दुरुस्तीची मुभा ग्राहकाला मिळावी, हा त्यामागचा विचार. परंतु मिळालेली वायरिंगची आकृती वाचता येत नसेल, तर हा हक्क कागदावरच राहतो. तो वापरता येण्याइतकी साक्षरता घडवणे हे विस्ताराचे काम आहे.

त्यासाठी मोठ्या योजनेची वाट पाहण्याचे कारण नाही. प्रत्येक कृषी विज्ञान केंद्रात आणि अवजारे बँकेत एक मल्टिमीटर, एक हायड्रोमीटर आणि ते वापरू शकणारी दोन माणसे असावीत. परिसरात प्रचलित असलेल्या यंत्रांच्या चार्जिंग यंत्रणेची एक पानी आकृती, तारांच्या रंगांसह, मराठीत तयार करून शेडमध्ये लावावी. हंगामापूर्वी, पावसाळ्याच्या अखेरीस, एक दिवस ‘बॅटरी व चार्जिंग तपासणी’ ठेवावी आणि प्रत्येक ट्रॅक्टरची तीन वाचने तारखेसह एका वहीत नोंदवावीत. दोन-तीन वर्षांच्या अशा नोंदींतून कोणत्या यंत्राचा कोणता भाग वारंवार जातो, हे त्या परिसरापुरते तरी स्पष्ट होईल आणि निर्मात्यांशी व विक्रेत्यांशी बोलताना हाती पुरावा असेल. मध्य प्रदेशातील बुदनी आणि आंध्र प्रदेशातील गार्लादिन्ने येथील केंद्र सरकारच्या कृषी यंत्र प्रशिक्षण व चाचणी संस्थांत प्रशिक्षण घेतलेल्यांनी हे वर्ग चालवावेत. ग्रामीण तरुणांसाठी ऑटो इलेक्ट्रिशियनचे काम हा कमी भांडवलाचा व्यवसायही ठरू शकतो, हे या वर्गांतून त्यांच्या लक्षात आणून द्यावे.

वाटाड्या म्हणून कृषी सहायकाने पहिल्या भेटीत एवढेच करावे: बागायतदाराच्या हाती मीटर द्यावे आणि उभ्या ट्रॅक्टरचे, सेल्फ मारतानाचे आणि चालू इंजिनाचे वाचन त्यालाच घेऊ द्यावे. त्यासाठी दहा मिनिटे लागतात. ते तीन आकडे ट्रॅक्टरच्या टूलबॉक्सच्या झाकणावर आतल्या बाजूने खडूने लिहून ठेवले, तरी पुढच्या वेळी तुलनेसाठी पुरेसे आहेत. केवड्याच्या दिवसांतील त्या पहाटे ट्रॅक्टर चालू होतो की नाही, याचा निकाल बहुधा दोन महिने आधी घेतलेल्या अशा वाचनातच लागलेला असतो.